परळचा बहुजन विहार आणि आपल्या गावचा विहार

आसनगावहून पहाटेची लोकल पकडणारे किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून पुढे मुंबईला जाणारे आपले कितीतरी तरुण रोज दादर-परळला उतरतात. कामाच्या घाईत तिथला इतिहास कुणाला आठवत नाही. पण १९५६ च्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, गिरणगावाच्या ऐन मध्यभागी एक बुद्ध विहार उभा राहिला होता. त्याचे नाव बहुजन विहार.

या विहाराचे संस्थापक आचार्य धर्मानंद कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील सांखवाळ गावी. बुद्धाचा शोध घेत ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करत श्रीलंकेला पोहोचले आणि १९०२ मध्ये तिथे त्यांनी दीक्षा घेतली. पुढे पाली भाषेचे अध्यापन केले, हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. मराठी वाचकाला बुद्ध मूळ पाली साधनांतून कळला, तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

कोसंबींच्या आधीही मुंबईत प्रयत्न झाले होते. डॉ. आनंदराव नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये बुद्ध सोसायटी काढली, पुढे नायर रुग्णालयाच्या आवारात आनंद विहार बांधला. पण ही मंडळी प्रामुख्याने शिकलेल्या वर्गातली. कोसंबींना धम्म कामगार आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत न्यायचा होता. म्हणून जागा निवडली परळची आणि नाव दिले बहुजन. बुद्धांनी पहिल्या भिक्खूंना ज्यांच्या हितासाठी चारी दिशांना पाठवले, ते हे बहुजन. बिर्ला घराण्याच्या देणगीतून १९३७ च्या सुमारास विहार उभा राहिला. कोसंबी स्वतः तिथे राहू लागले.

आता काळ पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. मे १९३६ मध्ये मुंबईतच महार परिषद भरून धर्मांतराच्या बाजूने कौल मिळाला होता. बाबासाहेब परळच्याच बीआयटी चाळीत वीसहून अधिक वर्षे राहिलेले. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये. म्हणजे विहारही परळमध्ये आणि धर्मांतराला तयार झालेली माणसेही परळमध्ये. तरीही चाळींतली माणसे विहारात लोटली नाहीत. कोसंबीही तिथे फार काळ राहिले नाहीत. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

असे का झाले? आमच्या मते कारण विद्वत्तेत किंवा हेतूत नव्हते. कोसंबी गांधीजींच्या वर्तुळातले, पैसा बिर्लांचा. पुणे कराराला जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि त्याची जखम ताजी होती. समाज आपल्या नेत्याच्या शब्दाची वाट पाहत होता. जागा होती, शिकवणारा होता, पण विहार आपला आहे ही भावना देणगीतून येत नाही.

ती भावना आली १९५५-५६ मध्ये. मे १९५५ मध्ये बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर घडले. त्यानंतर चाळीचा जिना, गिरणी कामगाराची दहा बाय बाराची खोली, गावाकडची झोपडी, जिथे जागा मिळाली तिथे वंदना सुरू झाली. आधी माणसे जमली, मग वर्गणी, मग भिंती.

हा क्रम आपल्या भागाला नवा नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, स्त्रियाही आहेत. मुरबाडच्या नाणेघाटातून उतरणारा व्यापार कल्याणला येई, आणि त्या गावच्या लोकांनी आपल्या कमाईतून लेणी आणि पाण्याच्या पोढी दान केल्या. दोन हजार वर्षांनंतरही आपण त्यांना ओळखतो, कारण त्यांनी नावे दगडावर लिहून ठेवली.

आपण काय लिहून ठेवले आहे? शहापूर-मुरबाडमधील आपल्या गावच्या विहाराची जागा कुणी दिली? पहिली वर्गणी किती होती? पहिली वंदना कुणी घेतली? हे सांगणारी पिढी आता थकली आहे. प्रश्न नुसत्या आठवणींचाही नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींना भाव आला. ज्या विहाराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद नाही, ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी नाही, त्याची जागा उद्या वादात सापडली तर आपण काय दाखवणार?

म्हणून तरुणांनी या वर्षावासात एक वही घ्यावी. गावातल्या आजी-आजोबांकडे बसून विहाराची हकीकत लिहून काढावी. जुने फोटो, पावत्या, ठराव यांच्या प्रती काढाव्यात. नोंदी तपासाव्यात. आणि जयंती व बुद्ध पौर्णिमेपुरते उघडणारे कुलूप दर रविवारी उघडावे. मुलांचा अभ्यास असो की वंदना, माणसे आली पाहिजेत.

परळने शिकवले ते एवढेच: विहार माणसांच्या येण्या-जाण्याने उभा राहतो.

जय भीम. नमो बुद्धाय.