धागा आणि सेवा : मोबाइलमधील अदृश्य काम

चंडीगड शहराची आखणी करताना वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांचे सात वर्ग पाडले. सेक्टरांभोवती धावणाऱ्या मोटारींचे रस्ते निराळे, बाजारातून संथपणे जाणारे निराळे आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटा निराळ्या. मंद वाहतुकीने वेगवान वाहतूक अडू नये, हा त्यामागील एक हेतू होय. मोबाइलवरील ॲप रचणाऱ्यालाही हाच विचार करावा लागतो. मात्र त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो केवळ वाटा वेगळ्या केल्याने सुटत नाही.

अँड्रॉइड प्रणालीवर कोणतेही ॲप उघडले की त्याचा मुख्य धागा, म्हणजे थ्रेड, सुरू होतो. धागा म्हणजे एकामागून एक आज्ञा पार पाडीत जाण्याची वाट. पडद्यावर चित्र रेखाटणे आणि बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे या मुख्य वाटेनेच होतात. सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्यास जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. मोठी फाइल उतरवून घेण्याचे काम याच वाटेवर घातले, तर पडदा गोठतो. स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर न मिळाल्यास ॲप प्रतिसाद देत नाही, असे प्रणाली ठरविते. म्हणून जड कामासाठी दुसरा धागा काढावा लागतो.

परंतु वापरणाऱ्याने ते ॲप सोडून फोन खिशात ठेवला, तर? स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, अपुरी पडू लागताच प्रणाली पडद्याआड गेलेली ॲप्स बंद करू लागते. ॲप बंद झाले की त्यातील सर्व धागे तुटतात. ‘पडदा नसला तरी माझे काम चालू आहे’ असे प्रणालीस कळविण्याचे साधन म्हणजे सेवा, अर्थात सर्व्हिस.

या भेदाचे महत्त्व कोविडच्या साथीत दिसून आले. २ एप्रिल २०२० रोजी भारत सरकारने ‘आरोग्य सेतू’ हे ॲप आणले. जवळ आलेले दोन फोन ब्लूटूथद्वारे एकमेकांची नोंद घेत असत. समजा, चंडीगडच्या सेक्टर १७ मधील बाजारात दोन अनोळखी माणसे शेजारी उभी आहेत आणि दोघांचेही फोन खिशात आहेत. नोंद व्हावयास हवी ती नेमकी याच क्षणी. केवळ धाग्यावर विसंबल्यास ती निसटण्याचा धोका असतो, आणि संसर्गाचा इशारा ज्याला मिळावयास हवा त्याला तो मिळत नाही.

तथापि सेवा म्हणजे आपोआप वेगळी वाट नव्हे, हे नवशिक्याने विसरू नये. वेगळी व्यवस्था न केल्यास सेवेचे कामही मुख्य धाग्यावरच चालते आणि पडदा गोठवू शकते. म्हणून पुष्कळदा सेवेच्या आत धागा काढावा लागतो.

शिवाय पडद्यामागील प्रत्येक काम बॅटरी खर्च करते. यास्तव २०१७ मधील अँड्रॉइड ८ या आवृत्तीपासून अशा सेवांवर निर्बंध आले. दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेने सूचनापट्टीवर आपले अस्तित्व दाखविले पाहिजे, असा नियम झाला. जे काम थोडे उशिरा झाले तरी चालेल, ते ‘वर्कमॅनेजर’ या साधनाकडे सोपविता येते. ते योग्य वेळी पार पाडले जाते.

सारांश, धागा काम कोणत्या वाटेने व्हावे हे ठरवितो. सेवा ते चालू राहण्याची गरज प्रणालीपुढे मांडते. उत्तम ॲप रचणारा हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारतो.