आपल्या आमदाराचे मत कोठे नोंदले आहे?

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक ऐतिहासिक सत्य देशापुढे ठेवले. संसदीय पद्धती या भूमीला नवी नाही. ठराव, गणपूर्ती, मतगणना हे सारे भिक्खू संघाला ज्ञात होते, असे त्यांनी सांगितले. विनयपिटकात मतदानासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटण्याची पद्धत आहे. मत गुप्तपणे, कानात सांगून किंवा उघडपणे घेता येई. परंतु प्रत्येक भिक्खूची शलाका मोजली जाई. अडीच हजार वर्षांनंतर आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधीची शलाका मोजली जाते काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये प्रथम मांडले गेले. निवडणुकीनंतर डिसेंबर 2024 मध्ये नागपूर अधिवेशनात ते पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. संघटना बेकायदेशीर घोषित करण्याचा अधिकार शासनाला देणाऱ्या या विधेयकात सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. नक्षलवादाला शहरी भागातून मिळणारे पाठबळ मोडण्यासाठी असा कायदा हवा, छत्तीसगडसारख्या राज्यांत तो आहेच, असे शासनाचे म्हणणे. कडव्या डाव्या संघटनांपुढे जोडलेल्या ‘तत्सम’ या शब्दाची व्याप्ती कोण ठरवणार, आणि अनुच्छेद 19 ने दिलेल्या भाषण, सभा व संघटना स्वातंत्र्याचे काय, असे आक्षेपकांचे म्हणणे. मोर्चा, परिषद आणि संघटना यांच्या बळावरच उभ्या राहिलेल्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही.

10 जुलै 2025 रोजी विधानसभेने हे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी एकट्याने सभागृहात विरोध नोंदविला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तेथेही विधेयक संमत झाले.

आवाजी मतदान म्हणजे काय? अध्यक्ष प्रश्न मतास टाकतात. अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात. आवाजाच्या अंदाजावरून अध्यक्ष निर्णय घोषित करतात. सदस्यांनी आग्रह धरला तरच मतविभाजन होऊन मते मोजली जातात. अनुच्छेद 189 नुसार निर्णय उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो. पण आवाजी मतदानात 288 पैकी कोणी काय म्हटले, हे कार्यवाहीवरून कळत नाही. सभात्याग करणाऱ्याचा निषेध वर्तमानपत्रात येतो. मतांच्या मोजणीत मात्र तो नसतो.

दुसरे बंधन पक्षादेशाचे. 1985 च्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्यास पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. घाऊक पक्षांतराला आळा घालण्यासाठी ही तरतूद आली. परंतु नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावरही आमदाराची सदसद्विवेकबुद्धी तिने बांधून टाकली. तरीही पक्षादेश मताला बांधतो, प्रश्न विचारण्याला नव्हे. भाषण करणे, दुरुस्ती सुचविणे, मतविभाजन मागणे हे मार्ग सदस्याला खुले असतात.

या मार्गांचे मोल इतिहासात दिसते. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले. संपाला गुन्हा ठरविणे म्हणजे कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे, म्हणजेच गुलामी, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली. बहुमत विरुद्ध होते. विधेयक संमत झाले. परंतु त्यांचे भाषण कार्यवाहीत राहिले, आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईतील कामगारांनी एक दिवसाचा संप करून त्याला रस्त्यावर साथ दिली. पराभूत मतही नोंदले गेले की पुढील पिढीला ते आधार देते.

याची दुसरी बाजूही आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसे चालत जाईपर्यंत त्या तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. सभागृहातील मत आणि बाहेरील जागरूकता, दोन्ही लागतात.

वर्धा जिल्ह्यात आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा असे चार मतदारसंघ आहेत. आपण मत मागायला आलेल्या उमेदवाराला रस्ता, समाजभवन, शिष्यवृत्ती यांविषयी विचारतो, आणि ते विचारलेच पाहिजे. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत: जनसुरक्षा विधेयक मतास टाकले तेव्हा आपण सभागृहात होता काय? त्यावर आपण काही बोललात काय? मतविभाजन मागितले काय? आमदार कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न हेच असावेत आणि ते नम्रपणे, लेखी विचारावेत.

या विद्यालयातून बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी आज मतदार आहे. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला शिकविले. आपल्या प्रतिनिधीचा ‘होय’ तपासणे, हे त्याच शिकवणीचे आचरण होय.