आपत्कालीन शेती मदत : स्वरूप, निकष व मर्यादा

प्रस्तावना : अतिवृष्टी, पूर वा दुष्काळामुळे पीक नष्ट झाल्यास शासनाकडून मिळणाऱ्या रकमेस सर्वसाधारणपणे ‘नुकसानभरपाई’ म्हटले जाते. वस्तुतः ते बी-बियाणे व खतांच्या खर्चास हातभार लावणारे ‘निविष्ठा अनुदान’ होय. हा भेद व त्याचे परिणाम स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निकष : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थापित राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ही मदत दिली जाते. महाराष्ट्रात या निधीतील केंद्राचा वाटा ७५ टक्के आहे. किमान नुकसानीची अट २०१५ मध्ये ५० वरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या केंद्रीय निकषांनुसार हेक्टरी दर कोरडवाहूसाठी रु. ८,५००, बागायतीसाठी रु. १७,००० व बहुवार्षिक पिकांसाठी रु. २२,५०० असून मर्यादा २ हेक्टर होती. म्हणजेच एक एकर कोरडवाहू पिकास सुमारे रु. ३,४०० मिळत.

मर्यादा : पंचनाम्यानंतर अनुदान सातबाराधारक खातेदाराच्या बँक खात्यात जमा होते. परिणामी तोंडी करारावर बटाईने जमीन कसणारा शेतकरी खर्च व नुकसान सोसूनही वंचित राहतो. कुळकायद्याच्या धास्तीने जमीनमालक लेखी करार टाळतात. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या शेतकरी स्त्रियांची स्थितीही याहून वेगळी नाही.

समारोप : मालकी हक्कास बाधा न आणता प्रत्यक्ष कसणाऱ्याची हंगामनिहाय नोंद झाल्याशिवाय ही मदत खऱ्या आपद्ग्रस्तापर्यंत पोहोचणार नाही. केवळ दरवाढीने हा प्रश्न सुटणारा नाही.