कुत्र्यामांजरांस घरगुती औषधें देतांना

शेतकऱ्याच्या घरीं कुत्रा राखणीस असतो आणि मांजर धान्याच्या कणगीपाशीं उंदरांचा बंदोबस्त ठेवतें. बैल बसला तर आपण तांतडीनें डॉक्टरांस बोलावतों. मांजर आजारलें तर फडताळांतील डबा उघडून आपल्याच तापाची गोळी त्यास देतों. या चालीविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें, कारण तिचें फळ आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

आमच्या घरचें मांजर एके दिवशीं मलूल होऊन अन्न घेईना. अंगास हात लावला तों तें कढत लागलें. आम्हीं पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा साखरेच्या पाण्यांत कालवून त्यास पाजला. एवढ्याशा तुकड्यानें काय होणार, असा आमचा हिशेब होता. सायंकाळपर्यंत त्याच्या हिरड्या तपकिरी झाल्या, तोंड व पंजे सुजले, धाप लागली, आणि दुसऱ्या दिवशीं तें गेलें.

आमची चूक तिहेरी होती. पहिली ही कीं, मांजराचें अंग माणसाहून स्वभावतःच उष्ण असतें. नुसत्या हातानें त्याचा ताप कळत नाहीं. दुसरी वजनाची. 60 किलोच्या माणसानें ती अखंड गोळी घेतली तर दर किलोस सुमारें 8 मिलिग्रॅम औषध पडतें. 3 किलोच्या मांजरास चौथा हिस्सा दिला तरी दर किलोस सुमारें 42 मिलिग्रॅम पडतें. तिसरी चूक सर्वांत मोठी. माणसाचें यकृत हें औषध निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतें. मांजराच्या यकृतांत ही शक्ति फारच दुबळी असते. त्यामुळें औषधाचें विष होतें, रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायु वाहण्यास निकामी होतें, आणि हिरड्यांचा रंग पालटतो. सबब मांजरास पॅरासिटामॉल किती द्यावें, या प्रश्नाचें उत्तर एकच: मुळींच देऊं नये. कुत्रा तें कांहींसें अधिक सोसतो, तथापि त्यासहि पशुवैद्याच्या आज्ञेवांचून देऊं नये.

अंगदुखीवरील आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक हीं कुत्र्यास घातक आहेत. त्यांनीं जठरास व्रण पडतात, उलटींत रक्त येतें, शी डांबरासारखी काळी होते, आणि मूत्रपिंडें बिघडतात. एका प्राण्यास मानवणारें औषध दुसऱ्यास कसें मारतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या मृत जनावरांचें मांस खाऊन गिधाडें नष्ट होऊं लागलीं, म्हणून 2006 सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं त्याचें उत्पादन बंद केलें.

गोठ्यांतील औषधांचीहि तीच गोष्ट. गुरांच्या गोचिडांवरील औषध उरलें म्हणून तें मांजरास चोळूं नये. परमेथ्रिन व त्या वर्गांतील औषधें मांजराच्या कातडींतून व अंग चाटल्यानें पोटांत जातात. मग थरकांप सुटतो, आंचके येतात व पुष्कळदां प्राण जातो. पाण्यांत घातल्यावर दुधासारखें पांढरें होणारें जंतुनाशकहि मांजराच्या जखमेस लावूं नये. रॉकेल तर कोणासच नको.

मग घरांत करण्याजोगें कांहींच नाहीं काय? आहे. किरकोळ जखम धुण्यास अर्धा लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत चहाचा पाऊण चमचा मीठ घालावें. हें सर्वांत निर्धास्त. पोव्हिडोन आयोडीन लावणें झाल्यास पातळ चहाच्या रंगाइतकें पाणी घालून लावावें, व तें जनावर चाटणार नाहीं असें पाहावें. मोठ्या कुत्र्यास साधी हगवण झाली व तो हुषार असला, तर एक दिवस मऊ बिनमसाल्याचा भात थोडा थोडा द्यावा व पिण्यास स्वच्छ पाणी ठेवावें. परंतु पिल्लू असेल, किंवा हगवणींत रक्त असेल, तर तासभरहि वाट पाहूं नये. लाळ गाळणाऱ्या व गिळतां न येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत औषध घालण्यास हात घालूं नये. तें पिसाळाचें लक्षण असूं शकतें.

चुकून औषध पोटांत गेलेंच, तर मिठाचें पाणी पाजून उलटी करवूं नये. त्या मिठानेंच विषबाधा होते. औषधाचें नांव, अदमासें किती गेलें, किती वाजतां गेलें व जनावराचें वजन हीं कागदावर टिपून घ्यावीं, आणि वेष्टण बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा. पॅरासिटामॉलवर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, मात्र तो जितका लवकर मिळेल तितका गुण येतो. आम्हीं रात्र वाट पाहण्यांत घालविली, ती घालवावयास नको होती. महाराष्ट्रांत पशुवैद्यकीय साहाय्यासाठीं 1962 हा निःशुल्क दूरध्वनि क्रमांक आहे; तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

मुकें जनावर आपण हातावर धरलेलें विश्वासानें चाटतें. तेव्हां औषधाची खात्री नसेल, तर तो हात आवरणें हेंच त्यास औषध समजावें.