मुलाचा प्रश्न आणि वडीलधाऱ्यांची घाई

मुलाचे उत्तर चुकले की त्यास बरोबर उत्तर सांगून मोकळे व्हावे, अशी पालक व शिक्षक यांची सर्वसाधारण प्रवृत्ती असते. बालमानसशास्त्र त्या चुकीकडे निराळ्या दृष्टीने पाहते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांचा एक प्रयोग कोणत्याही घरी करून पाहता येईल. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. नंतर एका पेल्यातील पाणी उंच व अरुंद भांड्यात ओतावे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्यात पाणी अधिक आहे असे सांगते; सातव्या वर्षाच्या सुमारास तेच मूल पाणी तेवढेच असल्याचे कारणासह सांगू लागते. मधल्या काळात कितीही दटावले तरी मूल फार तर आपले उत्तर बदलते, समज बदलत नाही. पाणी पुनःपुन्हा स्वतः ओतून पाहिले म्हणजे ती समज हळूहळू येते.

या तत्त्वाशी जवळचे नाते सांगणारा एक मोठा उपक्रम माळव्यातील शाळांनी पाहिला आहे. १९७२ साली तत्कालीन होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ साली ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाल्यावर देवास, धार आदी जिल्ह्यांतील काही शाळांतही तो पोहोचला. मुले बी रुजवीत, चुंबक हाताळीत, गटागटाने निरीक्षणे लिहीत. त्यांच्या शंकांना ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने उत्तरे जात. परीक्षेस पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती. ही मुभा अनेक पालकांस खटकली असल्यास नवल नाही. पाठांतरालाच अभ्यास समजण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

धार-देवासच्या मुलांपुढे भाषेचाही प्रश्न असतो. पवारांच्या संस्थानांपासून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांत मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी, असा मुलाचा दिवस जातो. धारच्या आदिवासी पाड्यांत भिली वा भिलाली बोलली जाते. अशा मुलास वर्गात उत्तर सुचले तरी शब्द सापडण्यास वेळ लागतो. त्या क्षणभराच्या मौनास मंदबुद्धी समजणे, हा त्याच्यावर मोठाच अन्याय होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, आणि चारचौघांत ‘ढ’ म्हणून हिणवणे त्याहून फारसे वेगळे नाही. शिक्षकाने मुलास घरच्या बोलीत उत्तर देऊ द्यावे व नंतर तेच वाक्य हिंदीत मांडण्यास साहाय्य करावे. त्यास दोन मिनिटे अधिक लागतात. मात्र पाण्याच्या प्रयोगाप्रमाणे येथेही मुलाचा विचार कोठवर आला आहे, हे तेव्हाच कळते.