बुलेटच्या पोटात पद्मिनी

जुन्या मोटारीचं इंजिन मोटारसायकलच्या चॅसीत बसवायचं म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, "किती पळेल?" माझ्या मते हा सगळ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न. आधी फूटपट्टी काढावी.

कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. जुन्या बुलेट 350 चा बोअर 70, स्ट्रोक 90. म्हणजे पद्मिनीचा एकेक सिलिंडर रुंदीला जवळजवळ बुलेटएवढाच. फक्त असे चार, एका ओळीत. नुसती भोकंच 272 मिलिमीटर झाली. मधल्या भिंती, फ्लायव्हील, क्लच अजून धरलेच नाहीत. इंजिन आडवं बसवलं तर गुडघे फाकून बसा. चॅसीच्या लांबीत बसवलं तर क्रँक मागच्या चाकाच्या आसाशी काटकोनात येतो आणि ताकद वळवायला बेव्हल गिअर लागतो.

अमेरिकेच्या ग्लेन कर्टिसने 24 जानेवारी 1907 रोजी ऑर्मंड बीचवर ही लांबीची वाट धरली होती. हवेपेक्षा हलक्या वायुनौकांसाठी बनवलेलं व्ही-8 इंजिन, खाली सायकलछाप सांगाडा. एक मैल 26.4 सेकंदांत, म्हणजे ताशी 219 किलोमीटर! ताकद 40 हॉर्सपॉवर, पद्मिनीइतकीच. नंतर शाफ्टचा जोड तुटला. कर्टिस वाचला, हे नशीब.

जर्मनीतला फ्रीडेल म्युंच जास्त हुशार. 1966 साली त्याने एनएसयू मोटारीचं इंजिन निवडलं. ते मोटारीतच आडवं बसवलेलं असायचं, शिवाय हवेवर थंड होणारं. रेडिएटरची भानगडच नाही.

पद्मिनीला मात्र पाणी लागतं. पूर्ण जोरात 40 हॉर्सपॉवर म्हणजे 30 किलोवॉट, आणि ढोबळमानाने तेवढीच उष्णता पाण्यावाटे बाहेर पडते. दोन किलोवॉटचे पंधरा गिझर, दोन मांड्यांच्या मध्ये.

आता ही गाडी बेंगळुरूच्या कोरमंगल्यात आणा. 4800 आरपीएमला क्रँक सेकंदाला 80 फेरे घेतो आणि पिस्टन सरासरी ताशी 43 किलोमीटरने वरखाली होतो. टॉमटॉमच्या 2023 च्या मोजणीत शहराच्या मध्यभागात 10 किलोमीटरला 28 मिनिटं 10 सेकंद लागली. ताशी 21 किलोमीटर! कोरमंगल्यातल्या सोनी वर्ल्ड सिग्नलला 800 आरपीएमवर इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं, तरी पिस्टनचा वेग ताशी सात किलोमीटर, पायी जाणाऱ्यापेक्षा जास्त. दोन मिनिटांत चौघे मिळून 960 मीटर धावतात. तिथे उष्णता कमी होते खरी, पण रेडिएटरवर वारा अजिबात नसतो. म्हणजे विजेचा पंखा हवा, पंख्याला पुरेसा अल्टरनेटर हवा, आणि दोन्हींना जागा त्याच चॅसीत.

तेही जमवलंत, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा रपेट स्वतःच्या आवारातच मारायची.