भाकरी आणि बादलीभर पाणी

पिरंगुटच्या कारखान्यांत पाळी बदलली, की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चहा-बिस्किटांची गर्दी होते. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत छापलेले असते : 100 ग्रॅममध्ये ऊर्जा साधारण 450 किलोकॅलरी. श्रोतेहो, या आकड्याचे नाते शेजारी स्टोव्हवर ठेवलेल्या आधणाशी आहे.

एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. ही धाकटी. आहारशास्त्राची कॅलरी थोरली; तिच्यात एक लिटर पाणी एक अंशाने तापते. म्हणजे थोरली ही हजार धाकट्यांची, तीच किलोकॅलरी. इंग्रजीत थोरलीचे पहिले अक्षर मोठे काढतात. आपल्या देवनागरीत लहानमोठे अक्षरच नाही, मग घोळ व्हायचाच. बर्फाचे लिटरभर पाणी प्यायले, की शरीर ते 37 अंशांपर्यंत तापवते. म्हणजे 37 हजार कॅलरी जळल्या, असे सांगणारे भेटतात. त्या सगळ्या धाकट्या! थोरल्या भरतात 37, म्हणजे भाकरीचे दोन घास.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे 350 किलोकॅलरी असतात. तेवढ्या उष्णतेत आंघोळीचे साडेसतरा लिटर पाणी 20 अंशांनी तापेल. पूर्वी हे मोजायचे ते अन्न खरोखरच जाळून : पोलादी बंद भांड्यात प्राणवायू भरायचा, भांडे पाण्यात ठेवायचे, आतले अन्न पेटवायचे आणि पाणी किती तापले ते पाहायचे. पण लाकूडही असे छान जळते, ते आपल्याला पचते थोडेच! म्हणून अमेरिकेत ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न पचता बाहेर पडणारा भाग वजा केला. पिष्ट आणि प्रथिने यांच्या ग्रॅमला 4, स्निग्धाला 9 हे आकडे त्यांचेच.

पाण्याच्या या मापाने आपल्याकडे गरिबीही मोजली गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली माणशी रोज 2250 किलोकॅलरी हा आधार धरून दारिद्र्याची रेषा आखली. एवढ्या उष्णतेत 25 अंशांचे 30 लिटर पाणी उकळीला येईल. दिवसभरावर पसरली, तर शंभर वॉटच्या दिव्याहून किंचित अधिक. या रेषेखाली ग्रामीण भागातील सुमारे 40 टक्के लोक निघाले.

मूळचे सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना हे पटले नाही. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, तेव्हा सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असे त्यांचे म्हणणे. वाद मोठा झाला. सुखात्म्यांचे गणित मला समजते. पण जुळवून घेण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न सुटत नाही. कमी मिळाले तर शरीर वजन घटवते, हालचाल आखडते. मुलांची उंची खुंटते.

पुढे 2009 साली सुरेश तेंडुलकर समितीने रेषा कॅलरीशी बांधणे सोडले; शिक्षण, औषधपाण्याचा खर्चही धरला. ते योग्यच झाले. तरी मुळशीच्या आंबेमोहोराच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला बसून काम करणाऱ्या माझ्यापेक्षा एखाददुसरी भाकरी जास्तच लागते, आणि घरोघरी सर्वांत शेवटी जेवते ती बहुधा तीच.